चौथी दुरुस्ती

“सुधारणा करतो आणि शुक्रवारपर्यंत पाठवतो,” असं मी टाइप केलं आणि खाली नाव घातलं, अभिनंदन मगदूम.

अभिनंदनला, माझ्या नवऱ्याला, जाऊन तेव्हा तेवीस दिवस झाले होते.

काही ठरवून केलं नव्हतं. सांगलीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं होती, एक त्याचं, एक माझं. पुण्याच्या एका संस्थेसाठी आम्ही मराठी शाळांकरता गणिताच्या छोट्या चित्रफिती करायचो. आकृती हलवण्याचं काम त्याचं, रंग, अक्षरं आणि बोलणारा आवाज माझा. त्या दिवशी सकाळी मी त्याचा संगणक चालू केला, कारण धूळ पुसायची होती आणि पुसता पुसता बटणाला हात लागला. पडद्याच्या कोपऱ्यात एक नवीन मेल आल्याचं दिसलं. त्यातला पहिला शब्द तेवढा वाचता येत होता, ‘अभिनंदन’. कुठली तरी जाहिरात असेल म्हणून मी पुसून टाकणार होते. मग पुढचं वाचलं.

“अभिनंदन सर, पायथागोरसच्या प्रमेयाची चित्रफीत दहावीच्या वर्गात दाखवली. आकृती देखणी आहे. त्रिकोण उडाले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवल्या म्हणजे त्यांना समजलेलं नाही. चारही त्रिकोण एकदम हलतात, नजर कुठल्यामागे जाणार? एकेक हलवा. रोहिणी गवस.”

गवस बाई गडहिंग्लजच्या पुढे एका खेड्यातल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या. संस्थेनं आमच्या चित्रफिती तपासायला काही शिक्षक नेमले होते, त्यांतल्या त्या एक. त्यांनी ‘मंजूर’ लिहिलं की काम पुरं व्हायचं. आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. संस्थेला अभिनंदन गेल्याचं कळवलं होतं, उरलेलं काम दुसऱ्याला देऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हणाले होते. पण गवस बाईंना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

आता हे सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या. मी त्या लिहायला घेतल्या होत्या. पण ‘करते’ लिहायच्या ऐवजी बोटांनी ‘करतो’ लिहिलं, आणि ते वाचायला इतकं रोजचं वाटलं, की मी ते तसंच पाठवून दिलं.

पाच जुलैला सकाळी दाढी करता करता तो बाथरूममध्ये खाली बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. एकोणचाळीस वर्षांचा होता. लोक आले, गेले. मी कुणापुढे रडले नाही, आणि कुणी नसतानाही रडले नाही. मी रडत नाही याची माझ्या आईला फार काळजी वाटायची. मला कशाचीच वाटत नव्हती. दूध उतू जाताना दिसायचं, गॅस बंद करायला हवा हेही कळायचं, पण हात लगेच उठायचा नाही. एवढंच.

चित्र तसं साधं होतं. एक मोठा चौरस. त्याच्या चार कोपऱ्यांत चार सारखे काटकोन त्रिकोण. मधे जी जागा उरते तो एक तिरका चौरस, कर्णावरचा. मग त्रिकोणांच्या जागा बदलायच्या. चौकट तीच, त्रिकोण तेच, म्हणजे उरलेली जागाही तेवढीच. फक्त आता ती दोन लहान चौरसांत वाटलेली दिसते, उरलेल्या दोन बाजूंवरच्या. प्रमेय म्हणजे एवढंच.

पण अभिनंदननं ते त्रिकोण नुसते हलवले नव्हते. चारही एकदम उचलले जायचे, स्वतःभोवती एक गिरकी घ्यायचे आणि पिसासारखे नव्या जागी उतरायचे. ती गिरकी जमायला त्याला नऊ दिवस लागले होते. जमली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. हाताला धरून त्यानं मला ओढत आणलं होतं. “बघ, आता उतरतील. आता. आता.” पिठाचे हात घेऊन मी बघितलं होतं.

मी त्रिकोण एकापाठोपाठ एक उडवले. गिरकीला हात लावला नाही. शुक्रवारी पाठवून दिलं.

आठवड्यानं दुसरं मेल आलं. “सर, बरं आहे, पण अजून नाही. मुलं त्रिकोणांकडेच बघतात. बघायचं असतं ते उरलेल्या जागेकडे, आणि ती तुम्ही पांढरी ठेवली आहे. तिला रंग द्या. शिवाय ती गिरकी काढा. गिरकीत मुलं हरवतात.”

मी जागेला पिवळा रंग दिला. गिरकी काढली नाही, फक्त सावकाश केली. “रंग दिला आहे, पाहून कळवा,” लिहिलं.

एव्हाना माझा दिवस त्यावर चालायला लागला होता. सकाळी आंघोळ करून मी त्याच्या खुर्चीत बसायचे. प्रत्येक त्रिकोण संगणकात एका वेगळ्या थरावर होता, आणि त्यानं त्या थरांना नावं दिली होती, ‘वरचा डावा’, ‘खालचा उजवा’, एकाला नुसतंच ‘हा’. मी एखादी रेघ केसभर सरकवायचे, परत होती तिथे आणायचे. सासूबाई दारात येऊन उभ्या राहायच्या आणि काही न विचारता परत जायच्या. त्यांचा हा एकुलता एक मुलगा. त्यांनी त्याचे सगळे शर्ट धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवले होते, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा काढून धुतले होते. त्याबद्दल मी त्यांना काही म्हटलं नाही. त्यांनी मला म्हटलं नाही.

तिसरं मेल सप्टेंबरमध्ये आलं, आणि ते कडक होतं.

“सर, गिरकी काढा, असं मी मागे लिहिलं होतं. तुम्ही ती सावकाश केलीत. सावकाश केल्यानं ती जास्तच दिसते. ती तुम्हाला आवडते म्हणून राहिली आहे, मुलांना तिचा काही उपयोग नाही. राग मानू नका, पण तुम्हाला वर्गात उभं राहायची सवय नसावी.”

मला राग आला नाही. मी एक युक्ती केली. त्रिकोण जिथून उठतो तिथे त्याची फिकट बाह्यरेषा मागे ठेवली, म्हणजे गिरकीत मूल हरवलंच तर ते परत येऊन बघू शकेल. ही तिसरी दुरुस्ती. चार दिवस त्यात गेले. पाठवली.

यावेळी मेल आलं नाही. फोन आला, अभिनंदनच्या मोबाइलवर. तो मी रोज चार्ज करायचे.

“मगदूम सर आहेत का?” बाईंचा आवाज मेलपेक्षा मऊ होता.

“बाहेर गेलेत,” मी म्हणाले.

“आपण कोण?”

“मी त्यांची बायको. पद्मजा.”

“ताई, सरांना माझा एक निरोप द्याल? म्हणावं, एकदा वर्गात या. मला मेलमध्ये नीट सांगता येत नाही, आणि लिहायला गेलं की मी फटकळ होते. मुलांच्या मागे बसून त्यांनी एकदा ही चित्रफीत बघावी. मग ठेवावीशी वाटली गिरकी तर ठेवू देत, मी मंजूर लिहीन. येत्या शनिवारी जमेल का विचारा.”

“विचारते,” मी म्हणाले.

फोन ठेवला तेव्हा सासूबाई समोर मेथी निवडत बसल्या होत्या.

“कोण होतं?”

“गडहिंग्लजकडच्या एका शाळेतल्या बाई.”

“त्यांना सांगितलं नाहीस?”

“नाही.”

त्यांनी चार काड्या निवडल्या. “बरं,” म्हणाल्या.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं मी कोल्हापूर गाठलं, तिथून गडहिंग्लज, पुढे भरली की सुटणाऱ्या वडापच्या जीपनं. बाई शाळेच्या फाटकाशीच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, पदराला खडू लागलेला. माझ्या मागे बघत त्यांनी विचारलं, “सर?”

“त्यांना जमलं नाही. मी बघून येते म्हटलं.”

त्यांचा चेहरा पडला, पण त्यांनी तो लगेच सावरला. “हरकत नाही. आवाज तुमचाच ना त्यात? बोलल्यावर ओळखला.”

दहावीचा वर्ग लहान होता, तीसएक मुलं. मला शेवटच्या बाकावर बसवलं. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला आणि भिंतीवर आमचा चौरस उमटला. पाठोपाठ माझाच आवाज, जूनमध्ये भरलेला. त्या आवाजातल्या बाईला अजून काहीच माहीत नव्हतं. ती मजेत बोलत होती. मधेच एका ठिकाणी मागून बारीक खाकरल्यासारखं ऐकू येतं, तो अभिनंदन. घरी मी ते किती वेळा ऐकलं होतं, मला कधी काही झालं नव्हतं. तिथेही झालं नाही. मी मुलांकडे बघत राहिले.

पहिला त्रिकोण उचलला गेला. तीस डोकी वर झाली. गिरकी आली तसे ते सगळे चेहरे सैल पडले, जत्रेतल्या पाळण्याकडे बघतात तसे. त्रिकोण उतरला तेव्हा कुणाचीच नजर पिवळ्या जागेवर नव्हती. माझ्या फिकट रेषेकडे तर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. हे मी घरात बसून वर्षभर केलं असतं तरी मला दिसलं नसतं.

दिवे लागले. बाईंनी विचारलं, “काय समजलं?”

मुलं वह्या चाळायला लागली. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली.

“बाई, फिरायच्या आधीचा आणि नंतरचा त्रिकोण तोच आहे कशावरून? फिरताना बारका झाला असला तर?”

“नाव सांग यांना,” बाई म्हणाल्या.

“कस्तुरी नाईक.” ती माझ्याकडे वळली. “आणि फिरवायला लागतंच कुठं? मी घरी करून बघितलं.”

तिनं दप्तरातून लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे चार त्रिकोण काढले आणि वहीवर आखलेल्या चौरसात मांडले. आम्ही सगळे तिच्या बाकाभोवती जमलो. तिनं एका त्रिकोणावर अंगठा दाबून धरला. समोरच्या कोपऱ्यातला त्रिकोण तिरका सरकवत आणून त्याला चिकटवला. आयत झाला. खालचा उजवा सरळ वर ढकलला, वरचा डावा सरळ बाजूला. दुसरा आयत झाला. तीनच त्रिकोण हलले, एक जागचा उठला नाही, आणि कुठलाच फिरला नाही. दोन चौरस मोकळे राहिले होते, एक थोरला, एक धाकटा.

“हे बघा,” कस्तुरी म्हणाली. “नुसतं सरकवायचं.”

माझ्या मनात आलं, अरे, हे अभिनंदनच्या लक्षातच आलं नाही. आज घरी गेल्या गेल्या त्याला सांगायला पाहिजे. तो आधी वाद घालेल, मग स्वतःच कागद कापायला बसेल. मी त्या विचारात इतकी होते, की परतीची जीप किती वाजता आहे हे विचारायला मी तोंडसुद्धा उघडलं.

मग ते तसंच मिटलं. मी बाकाची कड धरली. मुलं कस्तुरीकडे बघत होती, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत नेलं. दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली.

“सरांना सांगा कस्तुरीचं. त्यांना आवडेल.”

“बाई, ते नाहीत.”

“हो, पण घरी गेल्यावर...”

“तसं नाही. ते वारले. जुलैत.”

बाईंचा हात डब्यावर राहिला.

“कुठल्या जुलैत?”

“याच.”

“मग मला मेल कोण पाठवत होतं?”

“मी.”

मला वाटलं, आता त्या माझ्या खांद्यावर हात ठेवतील. सगळे तसंच करायचे. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“मी त्यांना काय काय लिहिलं,” त्या म्हणाल्या. “वर्गात उभं राहायची सवय नाही म्हणून लिहिलं. गेलेल्या माणसाला. तुम्ही मला लिहू दिलंत.”

“हो.”

“हे बरोबर नाही केलंत, ताई. मी कधीची त्यांच्याशी भांडतेय. घरीसुद्धा त्यांच्याबद्दल बोलते मी. आमचे हे विचारतात, काय म्हणतात तुमचे मगदूम सर?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “का केलंत?”

जे तोंडाला आलं ते मी बोलले. “सगळ्यांना कळलं होतं. तुम्हाला तेवढं कळलं नव्हतं. तुम्ही त्याला काम सांगत होतात.”

बाई उठून खिडकीशी गेल्या. बाहेर मुलं आरडाओरडा करत होती. घंटा झाली तशा त्या वळल्या.

“माझा तास आहे. मुलांना मी आज काही सांगणार नाही. आणि ही भाकरी खाऊन जा. लांब जायचंय.”

दारातून त्या परत आल्या. “तिसरी दुरुस्तीही तुमचीच?”

“तिन्ही माझ्याच. गिरकी तेवढी त्याची.”

“म्हणून निघत नव्हती होय,” त्या म्हणाल्या आणि गेल्या.

सोमवारी सकाळी मी त्याच्या खुर्चीत बसले. मूळ फाइलची एक प्रत वेगळी काढून ठेवली, तेवढं सुचलं. मग गिरकीचे तुकडे पुसायला घेतले. मला वाटलं होतं, अवघड जाईल. गेलं नाही. नऊ दिवसांचं काम दहा मिनिटांत गेलं. मग चौरस नुसता पडून राहिला, चार त्रिकोण आपापल्या कोपऱ्यात. त्यांना हलवायला आता त्याचं काहीच उरलं नव्हतं. ‘हा’ नावाचा थर खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या त्रिकोणाचा होता. तो मी जागच्या जागी ठेवला, कारण कस्तुरीनंही त्याच कोपऱ्यावर अंगठा धरला होता. बाकीचे तीन मी सरकवले. आधी घाईनं, मग जरा थांबत थांबत, प्रत्येक त्रिकोण टेकला की पिवळ्या जागेकडे बघायला दोन श्वास देत. आवाजही नव्यानं भरला. जूनमधल्या त्या बाईचं बोलणं आता या चित्राला जुळत नव्हतं. बुधवारपर्यंत सगळं झालं.

श्रेयनामावलीत मी लिहिलं, आकृती अभिनंदन मगदूम, हालचाल पद्मजा मगदूम, कल्पना कस्तुरी नाईक, इयत्ता दहावी. माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून मेल केलं. “चौथी दुरुस्ती पाठवत आहे. काही राहिलं असेल तर सांगा, करते.”

गुरुवारी दुपारी उत्तर आलं. “पद्मजाताई, शेवटच्या बाकावरच्यालाही समजलं. मंजूर. त्या दिवशी मी तुमच्यावर रागावले ते बरोबर का चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढची चित्रफीत वर्तुळाच्या क्षेत्रफळावर आहे ना? ती मला आधी कागदावर दाखवा.”

या सगळ्याला आता अकरा वर्षं झाली. त्यानंतर बाईंच्या हाताखालून माझ्या चाळीसेक चित्रफिती गेल्या, आणि प्रत्येकीत त्यांनी काही ना काही काढलं. आम्ही अभिनंदनबद्दल पुन्हा कधी बोललो नाही.

पण त्या गुरुवारी संध्याकाळी सासूबाई पुढच्या खोलीत आल्या. एरवी दारातून परत जाणाऱ्या त्या आज आत येऊन माझ्या टेबलाच्या खुर्चीवर बसल्या.

“झालं का ते शाळेचं?”

“झालं.”

“मला दाखव.”

मुलाचं काम त्यांनी आजवर कधी बघितलं नव्हतं. आपल्याला काय कळणार, असं त्या म्हणायच्या. मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि चालू केलं. चष्मा सारखा करत त्यांनी शेवटपर्यंत बघितलं.

“यात अभ्यानं केलेलं काय आहे?”

“तो चौरस त्याचा. ते चार त्रिकोणही.”

“आणि हलवलं कुणी?”

“मी हलवलं.”

त्यांनी मान हलवली. “परत एकदा लाव.”

मी परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळेला त्यांनी पडद्याजवळ बोट नेऊन विचारलं, “हा का नाही हलत?” मी सांगितलं, एक जागेवर राहिला की बाकीचे कुठे गेले ते कळतं. “हां,” त्या म्हणाल्या. “परत लाव.”

किती वेळा लावलं, मोजलं नाही. कधी तरी पिवळा रंग पसरट दिसायला लागला, मग त्रिकोणांच्या कडा दिसेनाशा झाल्या, आणि समोर काय चाललंय ते मला दिसायचंच थांबलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. माझा हात तेवढा त्यांनी उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं, मला विचारून विचारून, बटण स्वतः दाबायला लागल्या.

बाहेर दिवस मावळला. आम्ही जैन, आमच्याकडे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. त्या दिवशी उजेडात जेवून घ्यायचं दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. भाजी झाकलेली तशीच राहिली आणि आम्ही दोघी उपाशीच झोपलो.